तिसऱ्या हाकेला

१

पोलादपूरच्या त्या शाळेत कॉम्प्युटरची लॅब वरच्या मजल्यावर, व्हरांड्याच्या अगदी टोकाला होती. शाळा डोंगर कापून बांधलेली. पुढून दोन मजली दिसणारी इमारत मागच्या बाजूने डोंगरातच शिरली होती, त्यामुळे लॅबच्या मागच्या भिंतीपलीकडे खोली नव्हती, वाट नव्हती, नुसती माती आणि कातळ. खिडक्या होत्या, पण त्यांना पत्रे ठोकलेले. एका उन्हाळ्यात माकडांनी गजांतून हात घालून कीबोर्डची बटणं उपटून नेली, तेव्हापासूनचे ते पत्रे. भर दुपारीसुद्धा आत ट्यूबलाइट लावावी लागे.

"चपला भायेर," दार उघडताना भागोजीमामा रोज म्हणायचे. "आत माती नेलीत तर झाडायला मलाच लागतंय, तुमच्या मॅडमना नाय."

आम्रपाली अकरावीत होती. हजेरीच्या वेळी तिचा आवाज स्वतःच्या बाकापुढे कधी गेला नाही. बाई मान वर करून ती बसली आहे ना ते बघत आणि खूण करत. बोलण्यात मागे असली तरी बघण्यात ती कुणाच्या मागे नव्हती. लॅबमध्ये सगळ्या मुलांपुढे एकेक स्क्रीन असली तरी कॉम्प्युटर एकच आहे, हे वर्गात पहिल्यांदा तिच्याच लक्षात आलं होतं. मॅडमच्या टेबलाखाली एक मोठा सीपीयू होता आणि त्याच्यापासून निघालेल्या वायरी भिंतीकडेने प्रत्येक जागेपर्यंत गेल्या होत्या. सगळे एकाच डब्यात काम करत होते, फक्त प्रत्येकाला आपला वेगळा आहे असं वाटायचं.

त्या दिवशी अनुपमा मॅडमनी फळ्यावर प्रॅक्टिकलचं नाव लिहिलं : प्रोग्राममधून ऑपरेटिंग सिस्टीमची ओळख मिळवणे. मॅडम महाडहून स्कूटरवर यायच्या आणि शिकवताना ओढणीच्या टोकाने चष्मा पुसायच्या.

"प्रोग्रामला डोळे नसतात," त्या म्हणाल्या. "तो कुठल्या यंत्रात चाललाय, ते त्याला दिसत नाही. त्याने आतूनच विचारायचं. तुझं नाव काय, आवृत्ती कोणती, यंत्राचं नाव काय. सिस्टीम जे सांगेल ते छापायचं."

"मॅडम, आणि सिस्टीमने थाप मारली तर?" मागून विपुल म्हणाला. वर्ग हसला.

"तर प्रोग्राम थापच खरी मानणार. बाहेर येऊन बघायची सोय त्याला नाही, विपुल. तुला आहे. जा, बाहेर उभा राहतोस का?"

वर्ग पुन्हा हसला. आम्रपालीही हसली, पण तोंडावर हात धरून.

२

तिची जागा मागच्या भिंतीला लागून होती. तिथे बसलं की पाठीला गार लागायचं. शेजारी निशा. निशा बाजारपेठेतली, बोलकी, आणि एका बोटाने टाइप करणारी.

आम्रपालीने मागच्या प्रॅक्टिकलची फाइल उघडून मधल्या ओळी बदलल्या. वेळ वाचवायला सगळेच तसं करत. मागच्या वेळी पाढे छापायचे होते, म्हणून वरती 'तीन वेळा फिर' अशी एक ओळ होती. ती काढायची राहिली. प्रोग्राम चालवल्यावर तिला चूक कळली, कारण उत्तर एकदा येऊन थांबलं नाही.

सिस्टीम : लिनक्स. तिच्याखाली आकड्यांची आवृत्ती. यंत्राचं नाव : लॅब.

लगेच पुन्हा त्याच तीन ओळी.

तिसऱ्या खेपेला पहिल्या दोन ओळी आल्या आणि यंत्राच्या नावापाशी स्क्रीन अडली. फार वेळ नाही. दार वाजवल्यावर आतल्या खोलीतून कुणी उठून येईपर्यंत जेवढा वेळ जातो, तेवढाच. मग 'लॅब' आलं नाही. आलं ते असं :

तू कोण?

त्या कॉम्प्युटरवर मराठी कधीच नीट उमटत नसे, अक्षरांच्या जागी चौकोन यायचे. हे दोन शब्द मात्र स्वच्छ होते. आम्रपालीने इकडेतिकडे बघितलं. सगळ्यांच्या वायरी एकाच डब्यात जातात म्हटल्यावर कुणीतरी आपल्या जागेवरून दुसऱ्याच्या स्क्रीनवर लिहू शकत असेल. पण विपुल माऊसची वायर सोडवत बसला होता, निशा एक कंस शोधत होती आणि मॅडम जर्नल तपासत होत्या.

तिने काही लिहिलं नाही. घरची सवय. त्यांच्या वाडीत, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी, तिन्हीसांजेला बाहेरून कुणी एकदा हाक मारली तर ओ देत नाहीत. दुसऱ्यांदा मारली तरी नाही. माणूस असेल तर तो तिसरी हाक मारेलच, जे माणूस नाही त्याला तिसरी हाक मारता येत नाही, असं सगळे मानतात. जे मानत नाही म्हणतात तेही दोन हाका जाऊ देतात. तिचे बाबा बिरवाडीच्या कारखान्यात कामाला होते, तिथेच खोली घेऊन राहत आणि सुटीला घरी येत. असल्या गोष्टींना ते हसायचे, पण अंगणात आल्यावर बायकोला तीनदा हाक मारायचे.

तू कोण?

आम्रपालीने हात मांडीवर घट्ट धरले. निशाला हाक मारावी असं तिच्या मनात आलं, पण मग सगळा वर्ग वळून बघणार.

तू कोण?

तीनदा झालं होतं. म्हणजे माणूसच आहे, तिला वाटलं, आणि माणसाने तीनदा विचारल्यावर गप्प बसणं उद्धटपणाचं आहे. तिने आपलं नाव लिहिलं, इंग्रजी अक्षरांत, सावकाश, आणि एंटर दाबलं.

काहीच झालं नाही. प्रोग्राम संपला. घंटा झाली आणि निशा म्हणाली, "चल गो, गाडी जाईल तुझी."

एसटीत बसल्यावर आम्रपालीला सुचलं, की तिकडून हाका आल्या त्याच्या आधी तिनेच आत तीनदा हाक मारली होती.

३

पुढच्या प्रॅक्टिकलला मॅडमनी तोच प्रोग्राम सगळ्यांना पुन्हा चालवायला सांगितला. परीक्षेत पहिला प्रश्न तोच असणार होता, सोपा म्हणून.

"मॅडम," विपुल ओरडला, "यंत्राचं नाव आम्रपाली दाखवतंय."

"माझ्यात पण."

"माझ्यात पण. काय गो आम्रपाली, अख्खी लॅब नावावर करून घेतलीस? सातबारा पण काढलास काय?"

हशा उसळला. मॅडम उठून एकेकाची स्क्रीन बघत आल्या. सगळीकडे तिचंच नाव होतं. त्या रागावल्या नाहीत. "कुणी केलं हे? नाव बदलायला माझा पासवर्ड लागतो. कुणाला माहीत आहे तो?" त्यांनी आम्रपालीकडे बघितलं. तिने मान हलवली. सगळं सांगायला एक वाक्य पुरलं असतं, पण वर्गापुढे तिच्या तोंडून वाक्य निघत नसे, आणि हे कुठल्या शब्दांत सांगायचं तेही तिला कळेना.

त्यातही आणखी एक गोष्ट होती, जी ती एकटी असतानाही सांगू शकली नसती. मुलं प्रोग्राम चालवत होती तेव्हा, बटण दाबल्याचा आवाज झाला की तिच्या कानामागे कुणीतरी उभं राहायचं. आवाज नाही, श्वास नाही. मागे कुणी उत्तरासाठी थांबलंय हे न वळताही कळतं, तसं. मागे तर भिंतच होती. आणि मग तिच्या घशात आपोआप हवा भरायची आणि अगदी हळू, ओठ न उघडता, ती म्हणायची, "ओ."

ती म्हणाली की त्या मुलाच्या स्क्रीनवर नाव यायचं.

योगायोग, तिने स्वतःला सांगितलं. वीस मुलं सारखी बटणं दाबत असली, तर कशाचाही कशाशी मेळ बसतो.

४

दोन दिवसांनी रसायनशास्त्राचे सर फळ्यावर समीकरण लिहीत होते आणि वर्ग शांत होता. आम्रपालीने "ओ" दिली. या वेळी मोठ्याने.

सर वळले. "कुणी बोलावलं तुला?"

तिने खाली बघितलं. बाकाखालून निशाने तिचा हात धरला. मधल्या सुट्टीत निशाच म्हणाली, "तुला ताप हाय काय? हात गार पडलाय बघ."

"आत्ता लॅबमध्ये कोण होतं?"

"आत्ता? दुसरी तुकडी. का?"

नळापाशी उभं राहून आम्रपालीने तिला सगळं सांगितलं. निशा हसली नाही. हसणं आवरायला तिने ओठ चावला, पण हसली नाही. तेवढ्यासाठी आम्रपालीला ती आवडायची.

"मग बघूया ना," निशा म्हणाली. "मी वरती जाते. भागोजीमामांना सांगते, पेन राहिलं. मला वाटेल तेव्हा चालवते, तुला सांगणार नाय. तू इथंच बस."

आम्रपाली नळाजवळच्या कट्ट्यावर बसली. समोर मुलं क्रिकेट खेळत होती. डबे धुवायचा आवाज, कुणाच्या तरी फोनवरचं गाणं, वरच्या फांदीवर एक माकडीण पिलाच्या उवा बघत बसलेली. तिने ठरवलं होतं की मनात काहीच धरायचं नाही, नुसतं बघत राहायचं.

हाक आली. तिने ओ दिली. जवळून जाणाऱ्या एका मुलीने वळून बघितलं.

लगेच दुसरी आली. या वेळी आम्रपालीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. घशात हवा भरत गेली. डोळ्यांतून पाणी आलं, कानशिलं ठणकायला लागली. मैदानावरचा चेंडू कुणीतरी उचलला, फेकला, पुन्हा फेकला, आणि कानामागे जे उभं होतं ते हललं नाही. त्याला घाई नव्हती. शेवटी तिचे हात सुटले आणि तिने ओ दिली, तशी हवा गेली.

निशा जिना उतरून आली तेव्हा चिडलेली होती. "काय भंगार सिस्टीम हाय. पहिल्यांदा फटकन उत्तर आलं. दुसऱ्यांदा चालवलं तर नावापाशी येऊन अडकलं. किती वेळ बसले. शेवटी बंद करणार तेवढ्यात आलं." मग तिने आम्रपालीच्या तोंडाकडे बघितलं. गालांवर बोटांचे वळ उठले होते.

"तू माझ्याशी मस्करी करत नायस ना?" निशाने विचारलं. हे विचारताना ती एक पाऊल मागे गेली होती, ते आम्रपालीने बघितलं.

५

घरी आई गीताबाई अंगणवाडीतून येऊन भाकऱ्या थापत होती. आम्रपाली चुलीसमोरच पाटावर बसलेली, हातात पुस्तक.

"आमू, पाणी दे. आमू. अगो आमू."

तिला कळलं ते आईने पिठाच्या हाताने खांदा हलवला तेव्हा. तव्यावरची भाकरी करपली होती.

"कुठं असतेस गो? समोर बसलीस आणि तिसऱ्या हाकेला पण ओ नाय."

कुठे असते, हे आम्रपालीला आता थोडं ठाऊक झालं होतं. ओ देताना ती जिथे असेल तिथून जायची. आधी ते पापणी लवण्याएवढं होतं, म्हणून लक्षात आलं नव्हतं. आता ती जागा कळण्याइतका वेळ लागत होता. तिथे उजेड नव्हता. कोंडलेली ऊब होती आणि एक बारीक, न थांबणारी घरघर, पंख्यासारखी. हात पसरता येतील एवढी रुंदी तिथे नव्हती. मान वळवली तर गालाला काहीतरी लागायचं, आणि ते पत्र्यासारखं गुळगुळीत होतं. समोर कुणीतरी उभं असायचं, ज्याला फक्त तिचं नाव हवं असायचं. नाव दिलं की ती परत येई, चुलीसमोर किंवा बाकावर किंवा एसटीत.

त्या दिवशी मात्र नाव दिल्यावरही ती लगेच परत आली नव्हती. भाकरी करपेपर्यंत ती तिथे होती.

संध्याकाळी शाळेत कोण प्रोग्राम चालवत बसलं होतं? मॅडम परीक्षेची तयारी करत असतील. सोमवारी प्रॅक्टिकल परीक्षा होती. सगळ्या तुकड्या, सकाळपासून शाळा सुटेपर्यंत, एकामागून एक. प्रत्येक मुलगा चुकेल, पुन्हा चालवेल, खात्री करायला आणखी एकदा चालवेल. आम्रपालीने पुस्तकात तोंड घातलं आणि हिशेब न करता तिला कळलं, की सोमवारी आत गेल्यावर तिला परत यायला मधली फटच सापडणार नाही.

"आई," ती म्हणाली, "मी सोमवारी नाही गेले तर?"

"परीक्षेला? बाबांना काय सांगू? तिकडं भट्टीपुढं उभं राहतात ते कशासाठी?" आईने करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेतली. "भीती वाटते तर मॅडमना विचार. विचारायला काय तोंड झिजतंय?"

आणि घरी राहूनही काही उपयोग नव्हता. हाक चुलीपर्यंत येतच होती.

६

शनिवारी शाळा लवकर सुटली. आम्रपाली शिक्षकांच्या खोलीबाहेर उभी राहिली. दार उघडंच होतं. आत जायला तिला इतका वेळ लागला, की मॅडमच पर्स घेऊन बाहेर आल्या.

"काय गं? काही हवंय?"

घोकून ठेवलेलं वाक्य तिला आठवेना. "मॅडम, त्या मशीनला माझं नाव आहे. ते काढाल का?"

"मुलं चिडवतात?"

"नाही. म्हणजे, हो. पण ते नाही." तिने भिंतीकडे बघत पुढचं सांगितलं. नाव तिने स्वतः दिलं होतं. कुणी विचारलं की तिला उत्तर द्यावं लागतं. सोमवारी सगळेच विचारणार आहेत.

मॅडमनी मध्ये तोडलं नाही. ओढणीने चष्मा पुसला, पुन्हा लावला. "परीक्षेची धास्ती घेतली आहेस तू," त्या मऊपणाने म्हणाल्या. "मीही अकरावीत असताना रात्र रात्र जागायचे आणि काय काय ऐकायचे. पण नाव बदलायला काय, आत्ता बदलू. ये. तुझ्या डोळ्यांसमोर करते."

मोकळ्या झालेल्या शाळेत त्यांच्या पावलांचा आवाज मोठा वाटत होता. निशा खाली फाटकापाशी थांबली होती. भागोजीमामांनी कुलूप काढलं आणि ते झाडू आणायला गेले.

"तू तुझ्या जागेवर बस," मॅडम म्हणाल्या. "मी बदलते, तू तपास."

आम्रपाली भिंतीपाशी जाऊन बसली. मॅडमनी पासवर्ड टाकला, काहीतरी लिहिलं. "पुन्हा 'लॅब' ठेवते, साधं. झालं. आता बंद करून चालू करावं लागेल."

सगळ्या स्क्रीन एकदम काळ्या झाल्या. टेबलाखालच्या सीपीयूची घरघर उतरत गेली आणि थांबली. ती घरघर इतके दिवस चालू होती, हे ती थांबल्यावर कळलं. ट्यूबलाइट लागलेली होती, तरी आम्रपालीला आपले हात दिसेनात. पाठीमागची भिंत जरा पुढे आली आहे असं तिला वाटलं. मग दोन्ही बाजूंच्याही. तिने गाल वळवला आणि तो कशाला तरी लागला.

मग एक बारीक शिट्टी, पंखा फिरायला लागल्याचा आवाज, आणि समोर उजेड.

"चालव आता," मॅडमचा आवाज आला.

बटण दाबल्याचा आवाज तिने ऐकला. यंत्राचं नाव आलं : लॅब. कानामागे कुणी नव्हतं. घशात हवा भरली नाही. ती तशीच थांबून राहिली, खात्री होईपर्यंत. काहीच आलं नाही. आम्रपालीला रडू येईल असं वाटलं, इतकं मोकळं वाटलं.

"पटलं का? चल आता. आम्रपाली, चल, मला महाडला पोचायचंय."

"हो मॅडम," आम्रपाली म्हणाली.

पण ते ती म्हणाली नव्हती. तिच्या शेजारून, अगदी जवळून, तिच्याच आवाजात, पण खणखणीत, कुणीतरी ते म्हणालं होतं.

७

खुर्ची सरकली. पावलं दाराकडे गेली, दोघींची. बाहेर चपला घालताना मॅडम काहीतरी म्हणाल्या आणि त्यावर कुणीतरी हसलं. ते हसणं आम्रपालीने ओळखलं, कारण तोंडावर हात न धरता तिने कधी हसून बघितलं असतं, तर असंच आलं असतं.

उठायला हवं, तिने ठरवलं. मी थकले आहे, म्हणून हे असं वाटतंय. आधी हात टेबलावर ठेवायचे. टेबल कुठे आहे ते तिला सापडलं नाही. समोर उजेड होता, पण तो स्क्रीनचा नव्हता. स्क्रीनच्या मागच्या बाजूने आलेला होता.

खूप खालून, फाटकाकडून, निशाचा आवाज आला. "आम्रपाली!"

"ओ!" कुणीतरी मोकळ्या गळ्याने उत्तर दिलं. "आले गो, थांब!"

"अगो, केवढ्यानं ओरडतेस," निशा म्हणाली. "बरं वाटलं बाय, आज तुझा आवाज तरी ऐकला." त्यानंतर बोलण्याचे शब्द कळेनासे झाले, नुसता दोघींचा आवाज लांब जात राहिला, एसटी स्टँडच्या बाजूला.

झाडू आला. भागोजीमामा गुणगुणत होते. ते एकेका खुर्चीपाशी थांबत, ती टेबलाखाली ढकलत, स्क्रीनवर कापड घालत येत होते. शेवटी भिंतीजवळच्या जागेपाशी आले. तिने त्यांना हाक मारायचं ठरवलं. मामा. एवढंच. घशात हवा घ्यायला तिने तोंड उघडलं, पण हवा आली नाही. ती आता विचारल्याशिवाय येत नव्हती. मामांनी खुर्ची आत ढकलली, ती सरळ आत गेली, कशालाही न अडता. मग त्यांनी कापड घातलं.

मग घरघर थांबली, आणि शनिवार कुठे संपला ते तिला कळलं नाही.

पुन्हा घरघर सुरू झाली तेव्हा बाहेर पुष्कळ मुलं होती. खुर्च्या ओढल्या जात होत्या. अनोळखी बाई, बहुधा परीक्षक, सूचना देत होत्या. विपुल कुणाकडे तरी पेन मागत होता. तिने कान देऊन ऐकलं. कुणीतरी विचारू दे, तिला वाटलं. एकदा विचारू दे. हवा आली की सगळं सांगून टाकायचं. नाव, वाडी, बाबांचं नाव, आईचं, बाहेर गेली ती मी नाही हे, सगळं एका दमात. लाजायचं नाही.

समोर कुणीतरी बसलं. बोटं बटणांवरून चालायला लागली, जलद, जोरजोरात, न चुकता.

प्रश्न आला. तिच्या घशात हवा भरली. तिने सगळी ताकद लावून सांगितलं, मी आम्रपाली आहे, मी इथे आत आहे, आईला बोलवा, मला बाहेर काढा. ती ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा ती इतक्या मोठ्याने ओरडली, आणि हवा संपेपर्यंत ओरडत राहिली.

पलीकडे बोटं थांबली. कुणीतरी स्क्रीनवरचं वाचत होतं.

"यंत्राचं नाव, लॅब," तिच्याच आवाजात उत्तर आलं. "बरोबर आलं, मॅडम."